हिलेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिलेलविषयी येणारे बहुतेक प्रश्न एकाच वचनाभोवती फिरतात: "तुला जे नकोसं वाटतं, ते दुसऱ्याच्या वाट्याला आणू नकोस." वचन थोरच आहे. पण ज्यू परंपरेत हिलेलचा शब्द दोन हजार वर्षं चालला, तो कर्ज, घर, लग्न आणि सणवार यांत त्यांनी घालून दिलेल्या वाटांमुळे. म्हणून इथे त्या बाजूला जागा जास्त दिली आहे. एका उत्तरात येऊन गेलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हिलेल कोण होते? अगदी थोडक्यात सांगा.

येशूच्या आधीच्या पिढ्यांत जेरुसलेममध्ये होऊन गेलेले तोराचे (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचे, मोशेच्या पाच पुस्तकांचे) पंडित. जन्म बाबिलोनियातला, कर्तृत्व जेरुसलेममधलं. यहुदियाच्या गादीवर तेव्हा राजा हेरोद होता (इ.स.पू. ३७ ते ४). जेरुसलेमचं ज्यू मंदिर उभं होतं, तिथे रोजचे बळी अर्पण होत होते. त्याच काळात परूशी पंथाचे विद्वान लेखी तोरासोबत तोंडी चालत आलेल्या नियमांची परंपरा सांभाळत होते. मिश्नात, म्हणजे त्या तोंडी नियमांच्या संग्रहात, या विद्वानांच्या पाच जोड्या येतात. चौथी शमाया आणि अवतल्योन यांची. हे दोघे हिलेलचे गुरू. पाचवी आणि शेवटची जोडी हिलेल आणि शम्माय. त्यांना 'हझाकेन' म्हणजे 'ज्येष्ठ' म्हणतात, कारण पुढे याच नावाचे आणखी विद्वान झाले (प्रश्न १८ पाहा).

२. त्यांचा काळ नक्की कोणता? काही ठिकाणी १२० वर्षं आयुष्य लिहिलेलं दिसतं.

१२० हा आकडा सन्मानाचा आहे. मोशे, हिलेल, योहानान बेन झक्काय आणि अकिवा या चौघांनाही परंपरेने तेवढंच आयुष्य दिलं आहे, आणि त्याचे ४०-४०-४० असे तीन भाग पाडले आहेत. हिलेलच्या बाबतीत ४० वर्षं बाबिलोनियात, ४० वर्षं गुरूंच्या सेवेत, ४० वर्षं नेतृत्वात. यावरून जन्मसाल काढायला गेलं की हिशेब फसतो.

जास्त उपयोगी नोंद तालमूदच्या (मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथाच्या) शब्बाथ या भागात आहे: हिलेल, शिमोन, गमलियेल आणि पुन्हा शिमोन यांनी मंदिर उभं असताना १०० वर्षं नेतृत्व केलं. मंदिर पडलं इ.स. ७० मध्ये. म्हणजे हिलेलच्या नेतृत्वाची सुरुवात इ.स.पू. ३० च्या आसपास येते आणि ती हेरोदच्या काळाशी जुळते. मृत्यूचं साल सहसा इ.स. १० च्या सुमारास धरतात.

३. त्यांनी लिहिलेला ग्रंथ कुठे मिळेल?

असा ग्रंथ नाही. त्यांचे निवाडे आणि वचनं शिष्यांच्या तोंडून पुढे गेली. मिश्ना संकलित झाली इ.स. २०० च्या सुमारास, तीही त्यांचेच वंशज यहूदा हनासी यांच्या हातून. गोष्टी मुख्यतः बाबिलोनी आणि जेरुसलेम या दोन्ही तालमूदांत आहेत आणि ते त्याहून बरेच नंतरचे. इतिहासकार जोसेफस हा हिलेलच्या पणतूविषयी लिहितो, पण खुद्द हिलेलचं नाव त्याच्या ग्रंथांत येत नाही.

त्यामुळे वाचताना दोन थर वेगळे ठेवावेत. कर्ज किंवा घर यांबद्दलचे छोटे, कोरडे निवाडे जुने आणि भरवशाचे वाटतात, कारण त्यांत अडचण काय होती आणि उपाय काय केला एवढंच असतं. स्वभाव दाखवणाऱ्या गोष्टी पुढच्या पिढ्यांनी घडवत नेल्या आहेत. त्या खोट्या म्हणून बाजूला टाकाव्यात असं मुळीच नाही. शिष्यांनी आपल्या गुरूत काय पाहिलं ते त्यांतूनच कळतं.

४. छपरावर बर्फात गोठलेल्या हिलेलची गोष्ट काय आहे?

तालमूदच्या योमा या भागात ती येते. हिलेल रोजंदारीवर काम करत. दिवसाला अर्धा दिनार मिळे. त्यातला निम्मा पाठशाळेच्या दारवानाला, उरलेला घरखर्चाला. एके दिवशी काम मिळालं नाही आणि दारवानाने आत सोडलं नाही. ते छपरावर चढले आणि झरोक्याला कान लावून शमाया व अवतल्योन यांचा पाठ ऐकत राहिले. शुक्रवार होता, तेवेत महिन्याची थंडी. पहाटे शमाया म्हणाले, "बंधू अवतल्योन, रोज इथे उजेड असतो, आज अंधार का? आभाळ भरलंय का?" वर पाहिलं तर झरोक्यात माणसाची आकृती. वर गेले, तेव्हा हिलेलच्या अंगावर तीन हात बर्फ साचलेला. त्यांना खाली आणलं, आंघोळ घातली, तेल चोळलं, शेकोटीसमोर बसवलं. शब्बाथ, म्हणजे काम वर्ज्य असलेला शनिवारचा विश्रामदिन, लागलेला होता, पण "याच्यासाठी शब्बाथ मोडला तरी चालेल" असं गुरू म्हणाले.

गोष्टीचा रोख अनेकदा निसटतो. तालमूद ती सांगतं ते एका निवाड्यासाठी: "गरिबीमुळे शिकलो नाही" असं म्हणणाऱ्याला विचारलं जाईल, "तू हिलेलपेक्षा गरीब होतास का?" लगेच पुढे श्रीमंतांच्या सबबीवरही तसंच उदाहरण दिलं आहे. गोष्ट एकट्या गरिबांना दटावण्यासाठी वापरली, तर अर्धा मजकूर गाळल्यासारखं होतं.

५. बाबिलोनियातून आलेला माणूस जेरुसलेममध्ये प्रमुख कसा झाला?

एका वर्षी वल्हांडणाच्या (मिसरमधून सुटकेच्या सणाच्या) बळीचा दिवस, म्हणजे निसान महिन्याची १४ तारीख, शब्बाथलाच आली. कोकरू त्या दिवशी कापायचं की नाही? तेव्हाचे प्रमुख, बतेराचे वंशज, यांना नियम आठवेना. कोणीतरी सांगितलं की शमाया आणि अवतल्योन यांच्या हाताखाली शिकलेला एक बाबिलोनी माणूस गावात आहे.

हिलेलनी दोन युक्तिवाद मांडले. पहिला शब्दसाम्याचा: रोजच्या बळीबद्दल तोरात "नेमलेल्या वेळी" असा शब्द आहे आणि वल्हांडणाच्या बळीबद्दलही तोच. रोजचा बळी शब्बाथलाही होतो, मग हाही व्हावा. दुसरा तारतम्याचा: रोजचा बळी चुकला तर समाजातून उच्छेद होण्याची शिक्षा नाही, तरी तो शब्बाथला होतो, वल्हांडणाचा चुकला तर ती शिक्षा आहे, मग तो नक्कीच व्हावा. बाबिलोनी तालमूद म्हणतं, त्यांना तिथल्या तिथे 'नासी' म्हणजे प्रमुख नेमलं. जेरुसलेम तालमूदचा तपशील वेगळा आहे: दिवसभर युक्तिवाद करूनही कोणी ऐकेना, "शमाया आणि अवतल्योन यांच्याकडून मी हे असंच ऐकलं आहे" असं शपथेवर सांगितलं, तेव्हा मानलं. तर्क आणि परंपरा यांतलं कशाला जास्त वजन, हा वाद असा पहिल्याच दिवसापासून आहे.

पद मिळताच हिलेल बतेराच्या वंशजांना बोलले, "शमाया आणि अवतल्योन यांची सेवा करायला तुम्ही आळस केलात, म्हणून ही वेळ आली." तालमूद म्हणतं, याच गर्वामुळे पुढचा नियम खुद्द हिलेलना आठवेना. लोकांनी विचारलं: सुरी आदल्या दिवशी आणायची राहिली तर? शब्बाथला ती वाहून नेता येत नाही. हिलेल म्हणाले, "हे मी ऐकलं होतं, पण विसरलो. लोकांवर सोडा. ते संदेष्टे नसतील, पण संदेष्ट्यांची लेकरं आहेत." दुसऱ्या दिवशी लोक आले, ते कोकराच्या लोकरीत किंवा करडाच्या शिंगांत सुरी खोचून. ते पाहताच हिलेलना नियम आठवला.

६. 'एका पायावर उभं राहून तोरा शिकव' ही गोष्ट नेमकी कशी आहे?

एक परधर्मीय शम्मायकडे आला: मी एका पायावर उभा आहे तेवढ्यात सगळी तोरा शिकवणार असाल तर मी धर्म स्वीकारतो. शम्मायनी हातातल्या बांधकामाच्या मोजपट्टीने त्याला हाकललं. हिलेलनी त्याला स्वीकारलं आणि सांगितलं, "तुला जे नकोसं वाटतं ते आपल्या सोबत्याला करू नकोस. हीच सगळी तोरा. बाकीचं तिचं विवरण. जा, शिक."

फिरणाऱ्या अवतरणांत "जा, शिक" हे शब्द बहुधा गळतात आणि आमच्या मते इथेच अर्थ बिघडतो. हिलेलनी बाकीची तोरा माफ केली नाही; कुठून सुरुवात करायची ते सांगितलं.

त्याच ठिकाणी आणखी दोघांच्या गोष्टी आहेत. एकाला लेखी तोरा मान्य होती, तोंडी नाही. हिलेलनी पहिल्या दिवशी त्याला अक्षरं ओळीने शिकवली, दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने. तो म्हणाला, "काल तर वेगळं सांगितलं होतंत." हिलेल म्हणाले, "म्हणजे अक्षरांसाठीही माझ्या तोंडावर विसंबलास ना?" दुसऱ्याला महायाजकाची वस्त्रं हवी होती म्हणून धर्म स्वीकारायचा होता. त्याला हिलेलनी आधी शिकायला लावलं. शिकताना त्यालाच कळलं की महायाजकपण राजा दावीदलाही मिळालं नसतं.

७. येशूची शिकवण हिलेलकडून आली का?

तसं ठामपणे म्हणता येत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात (७:१२) हेच तत्त्व होकारार्थी आहे: लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं वाटतं तसं तुम्ही वागा. नकारार्थी रूप हिलेलच्याही आधीच्या तोबीतच्या पुस्तकात सापडतं. म्हणजे हा विचार त्या काळच्या ज्यू समाजात वावरतच होता.

नक्की सांगता येईल असा धागा एकच: प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात येणारा गमलियेल, ज्याच्या पायाशी शिकल्याचं पौल सांगतो, तो हिलेलच्या घराण्यातला, परंपरेने नातू.

८. शम्माय खरंच एवढे तापट होते का?

गोष्टींत ते तसे दिसतात. पण "प्रत्येक माणसाचं हसतमुखाने स्वागत कर" आणि "बोल थोडं, कर पुष्कळ" ही वचनंही शम्मायचीच आहेत. दोघांचा स्वभाव शब्बाथच्या जेवणात चांगला दिसतो: चांगलं जनावर दिसलं की शम्माय ते शब्बाथसाठी राखून ठेवत, त्याहून चांगलं मिळालं की आधीचं खात. हिलेल मात्र रोजच्या दिवसाचा आनंद देवाच्या नावाने घेत. दोन्ही रीती भक्तीच्याच.

हिलेलच्या शांतपणाची परीक्षा ४०० झूझच्या (चांदीच्या नाण्यांच्या) पैजेच्या गोष्टीत येते. त्यांना चिडवून दाखवण्याची एकाने पैज लावली. शुक्रवारी ते डोकं धूत असताना तो दारात ओरडत आला: बाबिलोनी लोकांची डोकी गोल का? तदमोरच्या लोकांचे डोळे चिपडे का? आफ्रिकेतल्यांचे पाय रुंद का? दर वेळी हिलेल अंगावर वस्त्र घेऊन बाहेर आले, "बाळा, मोठा प्रश्न विचारलास" म्हणाले आणि कारण सांगितलं: सुइणी निष्णात नाहीत, वाळूत राहतात, पाणथळ जागी राहतात. शेवटी तो माणूसच चिडला. हिलेल म्हणाले, "तुझे ४०० झूझ गेले आणि वर आणखी ४०० गेले तरी चालतील, पण हिलेल चिडणार नाही."

९. 'आता नाही तर केव्हा?' हे त्यांचंच वाक्य का? आणि सात नियम म्हणजे काय?

हो, वाक्य त्यांचंच, पिर्के आवोत या मिश्नातल्या वचनसंग्रहाच्या पहिल्या अध्यायातलं. पूर्ण असं: "मी माझ्यासाठी नसेन तर माझ्यासाठी कोण? मी फक्त माझ्यासाठी असेन तर मी काय? आणि आता नाही तर केव्हा?" मधला भाग गाळून ते छापू नये. दुसऱ्या अध्यायातलं त्यांचं एक वचन शिक्षकांनी जवळ ठेवावं असं आहे: लाजणारा शिकत नाही आणि तापट माणूस शिकवू शकत नाही.

सात नियम हे तोरातून कायदा काढण्याचे. तोसेफ्ता या मिश्नाला पूरक संग्रहात त्यांची यादी आहे: हलक्यावरून भारी गोष्टीचा निष्कर्ष, समान शब्दावरून, एका उताऱ्यावरून काढलेलं सूत्र, दोन उताऱ्यांवरून काढलेलं सूत्र, सामान्य आणि विशेष विधान, दुसऱ्या ठिकाणच्या तशाच उताऱ्यावरून, आणि संदर्भावरून. पहिल्या दोहोंचं उदाहरण प्रश्न ५ मध्ये येऊन गेलं. समान शब्दाचा नियम कोणालाही मनाने वापरता येत नाही. तो गुरूकडून ऐकलेला असावा लागतो, नाहीतर कोणत्याही दोन ओळी जोडून काहीही सिद्ध करता येईल. पुढे रब्बी इश्माएल यांनी या सातांचे १३ केले.

१०. प्रोझबुल म्हणजे काय आणि त्याची गरज का पडली?

तोरात ('अनुवाद' हे पुस्तक, अध्याय १५) दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याची आज्ञा आहे. तिथेच ताकीदही आहे: सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरजूला कर्ज द्यायला हात आखडू नकोस. हिलेलच्या काळात लोक नेमका तोच हात आखडत होते. ज्या आज्ञेने गरिबाचं ओझं उतरायचं, तिच्यामुळे त्याला कर्जच मिळेनासं झालं.

उपाय त्यांनी कायद्याच्या आतच शोधला. न्यायालयाकडे सोपवलेलं कर्ज सातव्या वर्षाने रद्द होत नाही, हे आधीपासून मान्य होतं. म्हणून धनकोने लिहून द्यायचं: "अमुक गावच्या न्यायाधीशांनो, माझं जे काही येणं आहे ते मी तुमच्याकडे सोपवतो, म्हणजे मला हवं तेव्हा ते वसूल करता येईल." खाली न्यायाधीशांच्या किंवा साक्षीदारांच्या सह्या. हाच प्रोझबुल, मजकूर मिश्नात (शविईत, अध्याय १०) आहे.

बारकावे: ऋणकोकडे थोडी तरी जमीन असावी लागते. नसेल तर धनकोने आपल्या शेतातला तुकडा त्याला द्यायचा. तळाला भोक असलेली, म्हणजे मातीशी जोडलेली कुंडीसुद्धा चालते असं तालमूद म्हणतं. कागदावर खऱ्यापेक्षा आधीची तारीख घातली तर प्रोझबुल वैध, नंतरची घातली तर अवैध. कारण सरळ आहे: प्रोझबुल फक्त त्याच्या तारखेआधी दिलेल्या कर्जाला लागू होतो, आणि पुढची तारीख टाकून मधली कर्जं आत ओढता येऊ नयेत. दुकानातली उधारी आणि मजुरीचं येणं मुळातच रद्द होत नाही, मात्र त्याचं रीतसर कर्ज करून घेतलं तर होतं. गहाण ठेवून दिलेलं कर्जही वाचतं.

११. तोरातली आज्ञा हिलेल कशी काय बदलू शकले?

हा प्रश्न तालमूदनेच (गित्तीन ३६) विचारला आहे. तिथे दोन विद्वान उत्तर देतात. अबायेचं उत्तर: तोराच्या हिशेबाने कर्जमाफी तेव्हाच बंधनकारक, जेव्हा जमिनीचं, म्हणजे शेत पडीक ठेवण्याचं, सातवं वर्ष पूर्णपणे लागू असतं. हिलेलच्या काळी ती फक्त विद्वानांच्या हुकमाने चालू होती आणि विद्वानांच्या हुकमावर विद्वान उपाय काढू शकतात. रावाचं उत्तर: न्यायालयाला मालमत्तेचा हक्क काढून घेण्याचा अधिकार आहेच.

आमचं मत असं की प्रोझबुलला पळवाट म्हणणं अन्यायाचं आहे. पळवाट बलवानाच्या सोयीची असते. इथे रचना कर्ज मागणाऱ्यासाठी केली आहे. त्याच तालमूदात शमुएल मात्र प्रोझबुलवर कडक टीका करतो, हेही सांगायला हवं.

१२. आज प्रोझबुल करायचा तर कसा?

मागचं सातवं वर्ष २०२१-२२ मध्ये झालं, पुढचं २०२८-२९ मध्ये येतं. माफी त्या वर्षाच्या शेवटी लागू होते, म्हणून कागद त्यानंतरच्या रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, आत व्हायला हवा. काही जण सातवं वर्ष सुरू होण्याआधीही करतात. धनकोने तीन पात्र पुरुषांसमोर प्रश्न १० मधलं वाक्य म्हणायचं. तेच तिघं न्यायालय. मग तारीख घालून सह्या. बँकेत ठेव असणाराही धनकोच असतो, म्हणून अनेक जण घरगुती उसनवारी नसतानाही प्रोझबुल करतात. नेहमीची चूक: कागद महिनाभर आधी केला आणि नंतर कोणाला पैसे उसने दिले. ते पैसे त्या कागदात येत नाहीत.

१३. असे आणखी कोणते निवाडे आहेत?

दोन महत्त्वाचे. तटबंदीच्या गावातलं घर विकलं तर विकणाऱ्याला ते वर्षाच्या आत परत सोडवता येतं (लेवीय, अध्याय २५). वर्ष उलटलं की घर कायमचं खरेदीदाराचं. त्यामुळे खरेदीदार बाराव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी लपून बसत. हिलेलनी ठरवलं: विकणाऱ्याने पैसे मंदिराच्या दालनात भरावेत, दार तोडावं आणि घरात शिरावं, खरेदीदाराने वाटेल तेव्हा येऊन पैसे न्यावेत.

दुसरा अलेक्झांड्रियाचा. तिथे वाग्दान झालेल्या मुली लग्नाच्या वेळी दुसरेच पळवून नेत. विद्वान त्यांच्या मुलांना अवैध ठरवायला निघाले होते. हिलेलनी त्या मुलांना त्यांच्या आयांचे विवाहकरार आणायला सांगितलं. करारात लिहिलेलं निघालं: "तू मांडवात आलीस की माझी पत्नी हो." म्हणजे मांडवाआधी विवाह झालेलाच नव्हता आणि मुलांवर डाग नव्हता. सामान्य लोकांनी आपल्या रीतीने लिहिलेल्या कागदाला त्यांनी कायद्याचं वजन दिलं.

१४. वल्हांडणाच्या जेवणात 'हिलेलसारखं' म्हणून काय खातात?

त्याला कोरेख म्हणतात. तोरा सांगते (गणना ९:११) की वल्हांडणाचा बळी बेखमीर भाकर आणि कडू भाजी यांसोबत खावा. हिलेल तिन्ही एकत्र गुंडाळून खात. त्यांच्या समकालीनांना वेगवेगळं खाल्लेलंही चाले. निर्णय झाला नाही, म्हणून आज दोन्ही करतात. आधी आशीर्वाद उच्चारून मात्सा म्हणजे बेखमीर भाकर, मग आशीर्वाद उच्चारून मारोर म्हणजे कडू भाजी, आणि शेवटी आशीर्वादाशिवाय दोन्ही एकत्र.

कृती: सेदेरच्या (वल्हांडणाच्या रात्रीच्या विधिवत जेवणाच्या) तीन मात्सांपैकी सर्वांत खालची घ्यायची. तिचा एक ऑलिव्हएवढा भाग आणि तेवढीच कडू भाजी. 'ऑलिव्हएवढा' म्हणजे काहींच्या मते अंड्याच्या तिसऱ्या भागाएवढा, काहींच्या मते अर्ध्या अंड्याएवढा. भाजी हारोसेत या गोड चटणीत बुडवायची की नाही यात घराण्यांच्या रीती वेगळ्या. "मंदिराची आठवण म्हणून, हिलेल करत तसं" हे वाक्य म्हणायचं आणि डावीकडे रेलून खायचं. मात्साच्या आशीर्वादापासून कोरेख संपेपर्यंत मध्ये इतर बोलणं टाळतात.

थेट एकत्रच का खात नाहीत? मंदिर नसताना मात्सा तोराच्या आज्ञेने आहे, कडू भाजी फक्त विद्वानांच्या. पहिल्याच घासाला एकत्र केली तर कमी दर्जाच्या आज्ञेची चव वरच्या आज्ञेची चव मारते.

१५. हनुक्काला, म्हणजे आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाला, पहिल्या दिवशी एक दिवा की आठ?

एक. शम्मायच्या शाळेचं (शिष्यपरंपरेचं) मत होतं: पहिल्या दिवशी आठ, मग रोज एक कमी. हिलेलच्या शाळेचं: पहिल्या दिवशी एक, मग रोज एक जास्त, कारण पवित्र गोष्टीत चढत जावं, उतरू नये. आज सगळीकडे दुसरी रीत आहे. आठ दिवसांचे दिवे ३६. रोजचा वेगळा सेवक-दिवा, म्हणजे शमाश, धरला तर ४४. खरेदी करताना ४४ धरा.

दिवे उजवीकडून डावीकडे मांडत जायचे, पेटवायचे मात्र डावीकडून, म्हणजे त्या दिवसाचा नवा दिवा आधी. ऑलिव्ह तेल उत्तम. अंधार पडल्यावर निदान अर्धा तास ज्योत टिकायला हवी. शुक्रवारी चूक होते ती इथेच: त्या दिवशी दिवे शब्बाथच्या दिव्यांआधी, सूर्य असतानाच लावतात, म्हणून तेल नेहमीपेक्षा बरंच जास्त लागतं.

१६. हिलेलच्या शाळेचंच मत का चालतं? आणि कधी चालत नाही?

तालमूदच्या एरुवीन या भागात (१३) सांगितलं आहे: दोन्ही शाळा तीन वर्षं भांडल्या. मग आकाशवाणी झाली, "हीही जिवंत देवाची वचनं आणि तीही, पण नियम हिलेलच्या शाळेप्रमाणे." कारण ते सौम्य होते, दुसऱ्या बाजूचं मतही शिकवत, आणि तेही स्वतःच्या मताआधी. वाद असूनही दोन्ही शाळांनी एकमेकांत सोयरीक थांबवली नाही.

अपवाद बरेच आहेत. मतदानात शम्मायच्या शाळेचं बहुमत झालेले १८ निर्णय त्यांचेच राहिले. काही ठिकाणी खुद्द हिलेलच्या शाळेने माघार घेतली. अर्धा गुलाम आणि अर्धा मुक्त (जसं, दोन मालकांपैकी एकानेच सोडलेला) माणूस एक दिवस मालकाकडे, एक दिवस स्वतःसाठी राबेल, असं ते म्हणत. शम्मायची शाळा म्हणाली, "मालकाची सोय केलीत, त्याची नाही, तो ना गुलाम स्त्रीशी लग्न करू शकतो, ना मुक्त." मालकाला त्याला मुक्त करायला लावायचं आणि त्याने अर्ध्या किमतीचा कर्जरोखा लिहून द्यायचा, हे मग हिलेलच्या शाळेनेही स्वीकारलं. काही ठिकाणी दोघांचंही चालत नाही: कणकेतला याजकाचा वाटा किती पिठापासून काढायचा? शम्माय १ काव (धान्याचं जुनं माप) म्हणाले, हिलेल २ काव. विद्वानांनी दीड ठरवला.

हिलेलची शाळा नेहमी सवलतीच्या बाजूने असते, हाही गैरसमज. सणाच्या दिवशी घातलेलं अंडं शम्मायच्या शाळेला चालतं, हिलेलच्या शाळेला नाही. आणि घटस्फोटात तिची सवलत पुरुषाला आहे: शम्मायच्या शाळेला व्यभिचाराखेरीज कारण मान्य नाही, हिलेलच्या शाळेला जेवण करपवलं तरी पुरतं. हे वाचून अनेक वाचक दुखावून लिहितात आणि त्यांचं दुखावणं रास्त आहे. इ.स. १००० च्या सुमारास रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाच्या हुकमाने युरोपातल्या अश्कनाझी समाजात बायकोच्या संमतीशिवाय घटस्फोट देण्यास बंदी आली. तो बदल पुढच्यांना करावा लागला, हिलेलच्या शाळेने केलेला नाही.

१७. महाराष्ट्रातल्या बेने इस्रायलींचा हिलेलशी काही संबंध आहे का?

थेट नाही. कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखला गेलेला हा ज्यू समाज शब्बाथ, सुंता आणि शमा ही प्रार्थना धरून होता. मिश्ना-तालमूदची परंपरा त्याच्याकडे पुढे आली. हनुक्का त्यांच्या जुन्या सणांत नव्हता. मुंबईत १७९६ मध्ये शाआर हारहमीम हे प्रार्थनामंदिर उभं राहिलं. १८४६ मध्ये मुंबईत मराठी अनुवादासह हग्गादा (सेदेरच्या रात्री वाचायचं पुस्तक) छापली गेली आणि १८७४ मध्ये पुण्यात सचित्र हग्गादा निघाली. तिच्या चित्रांत भारतीय वेशातल्या बायका मात्सा करताना दिसतात. कोरेख हा हग्गादाचाच भाग असल्याने (प्रश्न १४) हिलेलचं नाव मराठी घरांत पोचलं ते या वाटेने.

या समाजातला मलिद्याचा (गोड पोह्यांच्या नैवेद्याचा) विधी हिलेलचा का, असंही विचारतात. नाही. तो एलियाहू हन्नाबी म्हणजे संदेष्टा एलिया याच्या नावाने होतो.

१८. त्यांचे शिष्य, वंशज, कबर? आणि इतर हिलेल कोण?

परंपरेने ८० शिष्य: श्रेष्ठ योनातान बेन उझ्झिएल, कनिष्ठ योहानान बेन झक्काय. या कनिष्ठानेच मंदिर पडल्यावर यावने या गावी विद्यापीठ उभं केलं. नेतृत्व घराण्यात पाचव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत राहिलं. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या हिलेलकडे चौथ्या शतकात ठरलेल्या गणिती पंचांगाचं श्रेय देतात. हनुक्काचे दिवे आणि पंचांग एकाच हिलेलचं समजण्याची चूक इथून होते. विद्यापीठांतली 'हिलेल' ही ज्यू विद्यार्थी संघटना १९२३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली आणि तिचं नाव मात्र याच, पहिल्या हिलेलवरून आहे.

हिलेलची म्हणून दाखवली जाणारी कबर गालीलच्या उत्तर भागात मेरोनला, खडकात कोरलेल्या गुहेत आहे. शम्मायची म्हणतात ती तिथून जवळच. मेरोनला बहुतेक गर्दी शिमोन बार योहाय यांच्या कबरीकडे जाते, विशेषतः लाग बाओमेर या वसंतातल्या सणाला. हिलेलच्या गुहेसाठी जायचं असेल तर तो दिवस टाळा.